कुंकवाचा विषय काढायचा कसा? गावातल्या नाजूक प्रश्नावर बोलायला बसण्याची रीत

"आमी काय हौसंनं करतो व्हय गं हे?"

सत्तरीतल्या एका आक्कांनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या आळीतला एक माणूस दोन महिन्यांपूर्वी गेला होता. त्याच्या बायकोला चाळिशीही लागली नव्हती. तिचं कुंकू आक्कांनी पुसलं, बांगड्याही आक्कांनीच फोडल्या, असं गावात सगळे सांगत होते. मी त्यांच्या ओसरीवर बसून ही प्रथा किती वाईट आहे ते सांगत होते. पंधरा-वीस मिनिटं एकटीच बोलत होते. मग त्यांनी हा एवढाच प्रश्न केला आणि परात पुढे ओढून पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी त्या माझ्याशी पुढे बोलल्या नाहीत.

महिन्याभरानं पुन्हा गेले ती काही सांगायला गेले नाही, विचारायला गेले. तुम्हालाच का बोलावतात? त्या दिवशी नदीवर नेमकं काय काय झालं? आक्का दीड तास बोलल्या. त्यांच्या स्वतःच्या मालकांच्या वेळी त्यांचा हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या होत्या. काच मनगटात शिरली होती. तो व्रण त्यांनी पदर सारून दाखवला. मग म्हणाल्या, "म्हणून त्या पोरीच्या म्या फोडल्याच न्हाईत. साबण लावून एकेक काढली. मग बाजूला दगडावर वाजवल्या. आवाज व्हायला पायजे ना, न्हाईतर बाया म्हणत्यात केलंच न्हाई."

गावभर पसरलेली गोष्ट अर्धी चुकीची होती आणि मी ती खरी धरून त्या बाईला दोषी ठरवून आले होते. जिला मी प्रथेची राखणदार समजत होते, तिनं कुणाला न सांगता, कुठल्या ठरावाशिवाय, त्या प्रथेची धार बोथट केली होती. हे कळायला एक प्रश्न आणि दीड तास गप्प बसणं एवढंच लागलं.

त्यानंतर गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या गावांत बायकांशी आणि पुरुषांशीही या विषयावर बोलत आले आहे. त्यातून जी रीत बसली ती इथे मांडते. विषय विधवा प्रथेचा आहे. पण तुमच्या गावात वाद दारूच्या दुकानाचा असेल, वस्तीच्या नावाचा असेल किंवा मिरवणुकीतल्या आवाजाचा असेल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी वहीत स्वतःला बसवा

घराबाहेर पडण्यापूर्वी एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा. या विषयावर माझं मत काय आहे? ते कशावरून झालं, म्हणजे डोळ्यांनी पाहिलंय की ऐकलंय? आणि माझ्याच घरात मी याबाबत कशी वागले?

तिसरा प्रश्न टाळू नका. आमच्या वास्तुशांतीला पहिली ओटी माझ्या विधवा जावेची भरायची असं मी ठरवलं होतं का? मी लिहिलं, "त्या वेळी सुचलंसुद्धा नव्हतं." हे लिहिल्यावर दुसऱ्याच्या ओसरीवर बसताना आवाज आपोआप खाली येतो. लोकांना तो फरक पहिल्या दोन वाक्यांत कळतो.

याच वहीत आणखी एक ओळ लिहा: काय ऐकलं तर माझं मत थोडं तरी हलेल? उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर त्या दिवशी जाऊ नका. तुम्ही चौकशीला नव्हे, समज द्यायला निघाला आहात. आणि समज द्यायला आलेलं माणूस गावाला लांबून ओळखू येतं.

विषयाची बैजवार माहिती घ्या

अर्धवट माहितीवर विचारलेला प्रश्न समोरच्याला टोचतो. या विषयापुरतं सांगायचं तर निदान पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. पुढे कितीतरी ग्रामपंचायतींनी ठराव केले. या मोहिमेच्या मुळाशी असलेले करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मागे आपल्या पत्नीवर हे विधी करू नयेत असं स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुरुषांशी बोलताना ती फार कामाला येते.

ठराव म्हणजे कायदा नव्हे, हेही नीट समजून घ्या. बांगड्या फोडल्या म्हणून ठरावाच्या जोरावर कुणाला तुरुंगात घालता येत नाही. गाव एकमेकांना शब्द देतं, एवढीच त्याची ताकद, आणि ती कमी नाही.

जुना इतिहासही थोडा हाताशी असू द्या. विधवांचं केशवपन एके काळी धर्मच मानला जाई. १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. मला ही घटना फार मोलाची वाटते. पुस्तकातला वाद पुस्तकात चालू होता आणि इकडे ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानं तो खाली ठेवला. म्हणून तुमच्या गावातही शोधा: हे प्रत्यक्ष कुणाच्या हातून होतं?

मग गावातली नोंद घ्या. विधी कधी होतो, प्रेत उचलण्यापूर्वी की दहाव्याला? घरी की नदीवर? कोण करतं, थोरली जाऊ, आत्या की आधीच विधवा असलेली एखादी म्हातारी? कोणत्या भावकीत होतच नाही? एकाच गावात दोन आळ्यांची रीत वेगळी निघते आणि बोलायला तिथूनच जागा मिळते. "तुमच्याकडं जोडवी काढत न्हाईत व्हय? आमच्याकडं तर काढत्यात," असं बायका आपसांत बोलायला लागल्या की तुम्ही पाच मिनिटं तोंड उघडू नका.

शब्द ऐका

बायका बांगडी "फुटली" म्हणत नाहीत, "वाढवली" म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी "वाढलं". रोजच्या जगण्यात अशुभ तोंडातून जाऊ नये म्हणून जपणारी ही भाषा त्या एका दिवशी मात्र सगळं उघड उघड "फोडते" आणि "पुसते". एकदा मी एवढंच विचारलं होतं, "काकू, एरवी आपण वाढवली म्हणतो, मग त्या दिवशी फोडली का म्हणतो?" काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तिचं काय वाढायचं ऱ्हायलं असं वाटतं गं लोकांना." दहा भाषणांनी जे झालं नसतं ते त्या गप्प बसण्यात होत होतं.

आपण कोणता शब्द वापरतो याकडेही लक्ष हवं. "विधवा" अनेकींना बोचतो. कोरोनानंतर "एकल महिला" हा शब्द बराच रुळला, पण तो कार्यालयात आणि बैठकीत. एप्रिल २०२३ मध्ये "विधवा" ऐवजी "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव राज्याच्या मंत्र्यांकडून आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लग्नपत्रिकेतलं "ग. भा." अनेकींना नको असतं, काहींना त्यात मान वाटतो. तेव्हा सोपा मार्ग घ्या, तिलाच विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "माझं नाव आहे की."

वेळ आणि जागा

तेराव्याच्या आत या विषयावर कुणाकडे जाऊ नका. घरात दुःख ताजं असताना प्रश्न विचारणं हा त्या घराचा अपमान आहे. अपवाद एकच: ती बाई स्वतः किंवा तिच्या माहेरची माणसं मदत मागत असतील तर.

चावडीवर किंवा पारावर बायका बोलणार नाहीत. भांगलण चालू असताना, भाकरी थापताना, शेंगा फोडताना बोलतात. हाताला काम असलं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि अवघड गोष्ट सहज निघते. तुम्हीही हातात काहीतरी घ्या. पावटा सोला, शेंगा फोडा. रिकाम्या हातानं आणि उघड्या वहीनं समोर बसलेली बाई सर्वेक्षणाची वाटते. नोंद घरी येऊन करा.

पुरुषांसाठी सकाळी दूध घालायला आल्यावरची डेअरी बरी, पण ती विषय काढायला. नीट बोलायचं तर बांधावर, एकट्याशी. चार जणांत पुरुष स्वतःचं मत सांगत नाही, चौघांना पटेल ते सांगतो.

व्हॉट्सअॅपवरच्या गावगटात हा विषय टाकू नका. तिथे प्रश्न कुणी विचारत नाही आणि उत्तर सगळे देतात. एकदा तिथे एखाद्यानं ताठर भूमिका घेतली की दुसऱ्या दिवशी ओसरीवर ती सोडणं त्याला जड जातं.

प्रश्न कसे विचारायचे

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे थोडी जास्त थांबते.

"तुम्ही हे का करता?" हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण "का" आला की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि कारण शोधू लागतो. कारण सापडलं नाही तर "पूर्वापार चालत आलंय" म्हणतो. एकदा हे वाक्य तोंडातून गेलं की तो त्याचाच होऊन बसतो. "का" मागे ठेवा. "कसं", "कधी", "कोण", "तेव्हा काय झालं" हे पुढे आणा.

माझ्या वहीतले काही प्रश्न देते. जसेच्या तसे वापरू नका, तुमच्या बोलीत आणा.

"आक्का, तुमच्या आईच्या वेळी हे कसं व्हायचं? आता त्यातलं काय ऱ्हायलंय, काय सुटलंय?" या प्रश्नानं म्हातारी माणसं खुलतात. प्रथा पूर्वापार जशीच्या तशी चालत आलेली नाही, हे मग त्याच सांगतात. कुणी म्हणतं, पूर्वी वर्षभर घराबाहेर पडू देत नव्हते. कुणी सांगतं, आजीच्या वेळी लुगडं पांढरंच लागायचं.

"त्या वेळी तिथं कोण कोण होतं? पुढं कोण झालं? कुणी मागं थांबलं का?" मागे थांबलेलं कुणीतरी नेहमी असतं. पुढच्या वेळी तिच्याकडे जायचं.

"तुमच्या लेकीवर अशी वेळ आली, देव न करो, तर तुम्हाला काय वाटंल?" हा प्रश्न फार जपून. ओळख मुरल्यावर, एखादी आपणहून हळवी झाली असताना, आणि तोही एकदाच. पहिल्या भेटीत विचारलात तर शाप दिल्यासारखा लागतो. एका सासूबाईंनी मला यावरून ओसरीवरून उठवलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं.

"हे केलं न्हाई तर काय होईल असं वाटतं?" हा सगळ्यात उपयोगी. उत्तरं ऐका. "त्याच्या आत्म्याला शांती मिळायची न्हाई." "लोक नाव ठेवतील." "तिच्या पोरीच्या लग्नाला अडचण येईल." "सासरचे तिला घरात ठेवायचे न्हाईत." ही चार उत्तरं दिसायला सारखी, पण चार वेगळ्या भीती आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. आत्म्याच्या शांतीची काळजी असेल तर गावातल्या कीर्तनकार बुवांशी बोलावं लागेल. पोरीच्या लग्नाची असेल तर भावकीतल्या दोन कर्त्या माणसांशी. सगळ्यांना एकच भाषण देणाऱ्याला हा फरक कळतच नाही.

प्रश्न विचारला की थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. खेड्यात माणूस बोलण्याआधी एकदा अंगणाकडे बघतो, एकदा चुलीकडे. तेवढा वेळ त्याचा आहे. मग ऐकलेलं त्याच्याच शब्दांत परत म्हणा: "म्हणजे मामी, तुम्हाला वाटतं की विधी केला न्हाई तर दीर लोक तिच्यावर राग धरतील. असंच ना?" चुकलं असेल तर त्या दुरुस्त करतील, आणि त्या दुरुस्तीत खरी गोष्ट येते.

जिच्याबद्दल बोलतोय, ती

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की या विषयावर सगळे बोलतात आणि ती बाई कोपऱ्यात बसून ऐकते. हळदीकुंकवाच्या सुधारक कार्यक्रमात तिला मंचावर बोलावतात, टाळ्यांच्या गजरात कुंकू लावतात, फोटो काढतात. तिला हवं होतं का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

तिच्याशी बोलायचं तर एकटीशी, तिला सोयीच्या वेळी, आणि "नको" म्हणायची मोकळीक आधी देऊन. "ताई, तुम्हाला बोलावंसं वाटलं तर मी बसते. नसंल तर चहा घिऊन निघते." खरंच निघा. दुसऱ्या, तिसऱ्या भेटीला तीच बोलेल किंवा बोलणार नाही.

तिची उत्तरं आपल्याला हवी तशी असतीलच असं नाही. एका ताईंनी मला सांगितलं, "मला कुंकू नकोच. त्यानं कधी सुख दिलं न्हाई, त्याच्या नावाचं आता कशाला लावू?" दुसऱ्या एकीनं मंगळसूत्र ठेवलं होतं. मला वाटलं ही बंडखोर. ती म्हणाली, "येष्टीनं रोज कामाला जावं लागतं. गळ्यात काळे मणी असले की माणसं नीट वागत्यात." तिच्या लेखी तो प्रथेविरुद्धचा लढा नव्हता, संरक्षण होतं. तिसरी म्हणाली, "कुंकवाचं जाऊ द्या. माझ्या पोराच्या बारशात मला पाळण्याजवळ येऊ दिलं न्हाई, ते अजून डोक्यातून जात न्हाई."

या तीन उत्तरांमुळे मी ठरावाबद्दलचं माझं मत बदललं. पूर्वी मी म्हणायचे, "कुंकू लावलंच पाहिजे." आता म्हणते, तिच्या अंगावरचं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तिनं ठरवावं, आणि कार्यात तिला मागे सारू नये.

खालचा थर: सातबारा

पाच-सहा भेटींनंतर कुंकवाच्या खालून बहुतेक वेळा जमीन निघते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी वाटच बघते. बाईला "अशुभ" ठरवून मागे बसवलं की वारसनोंदीच्या वेळी ती तलाठ्याकडे कुठल्या तोंडानं जाणार? आणि दिरांच्या मनात एक भीती असते, जी कुणी उघड बोलत नाही: ही दुसरं लग्न करून जमीन घेऊन जाईल.

इथे माहिती पक्की हवी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या हिश्शात बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. एकदा आलेला वाटा बाईनं पुढे लग्न केलं म्हणून परत जात नाही. पण हे पुढाऱ्याच्या आवाजात सांगू नका. आधी दिराला विचारा, "आबा, जमिनीचं काय होईल असं तुम्हाला वाटतं?" त्याचीही अडचण खरी असते. तीन एकरांत तीन भावांचं पोट, सोसायटीचं कर्ज, भावाच्या आजारपणात झालेला खर्च. ते सगळं ऐकल्यावर मग कायदा सांगा, आणि वारसनोंदीला दोघांनी मिळून जायचं सुचवा. एका घरात दीर स्वतःच वहिनीला घेऊन तलाठी कार्यालयात गेला. त्या घरात कुंकवाचा विषय मला पुन्हा काढावा लागला नाही.

बोलणं तापलं तर

काही वाक्यं ठरलेली येतात. त्यांची तयारी ठेवा.

"तुम्ही बाहेरचे, तुम्हाला आमची रीत काय कळणार?" यावर वाद घालू नका. "खरंय, म्हणून तर विचारते," एवढं पुरे. आणि खरंच विचारा.

"आमच्याच धर्मावर कशाला घसरता? त्यांच्यात जाऊन विचारा की." हा प्रश्न टाळला तर तुम्ही लबाड ठरता. उत्तर असलं तर द्या: मुसलमानांत नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवसांची इद्दत असते, तीबद्दल त्यांच्या घरांतही बोलणं होतं. "मी माझ्या घरापासून सुरुवात केली, कारण माझं घर हे आहे." एवढं म्हणून मूळ विषयाकडे या.

"तू लावलंस व्हय तुझ्या जावंला कुंकू?" हा प्रश्न मला थेट आला होता. वहीत आधी लिहिलं होतं म्हणून खरं सांगता आलं: "न्हाई लावलं. तेव्हा सुचलं न्हाई. त्याचं वाईट वाटतं." त्या ओसरीवर त्यानंतरचं बोलणं सगळ्यात मोकळं झालं.

आवाज चढला, एखादी रडायला लागली किंवा दारात पुरुष येऊन उभे राहिले, तर विषय तिथेच सोडा. पाणी मागा, पिकापाण्याचं विचारा, निघा.

बैठक घ्यायची तर

एकेकट्या भेटी दहा-बारा झाल्याशिवाय बैठक नको. आणि पहिली बैठक बायकांचीच, बारा-पंधरा जणींची. बचत गटाच्या नेहमीच्या बैठकीला जोडून घेतली तर घरून यायला कारण मिळतं. दीड तास खूप झाला.

बसायला गोल. खुर्ची कुणालाच नको, पुढारणीलाही. सुरुवातीला एकच शब्द सगळ्यांकडून घ्या: इथलं बोलणं नावानिशी बाहेर जाणार नाही. मग पहिल्या अर्ध्या तासात फक्त आठवणी, मत नाही. "तुम्ही पहिल्यांदा हे कधी पाहिलं? किती वर्षांच्या होता?" लहान मुलगी म्हणून पाहिलेलं बहुतेकींच्या डोक्यात ठसलेलं असतं. एका बैठकीत पंधरांपैकी अकरा जणींनी तोच आवाज सांगितला, दगडावर काच फुटल्याचा. त्यानंतर "बरोबर की चूक" हे मला विचारावंच लागलं नाही.

मोठ्या घरच्या, बोलक्या बायकांना शेवटी बोलवा. सरपंचबाई आधी बोलल्या की बाकीच्या माना डोलावतात. आणि वेगवेगळ्या समाजाच्या बायका असतील तर आपल्याकडे हे नाही याची प्रौढी एका समाजाकडून होऊ देऊ नका. लगेच विचारा, "मग तुमच्याकडं बाईला काय सोसावं लागतं?" काहीतरी निघतंच.

ठराव

ठरावाची घाई नको. पण गावाचं मन तयार दिसलं तर मार्ग ठरलेला आहे. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते. ती खरोखर भरवा आणि विषय तिथूनच पुढे न्या. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ग्रामसेवकांना विषय आधी लेखी द्या, ऐनवेळच्या विषयांत ढकलू नका.

शब्दरचनेवर वेळ घालवा. "विधवांनी कुंकू लावावे" असं लिहिलं तर एक सक्ती जाऊन दुसरी येते. "कोणीही कोणत्याही स्त्रीवर हे विधी लादणार नाही आणि कोणत्याही मंगलकार्यात तिला डावलणार नाही" हे जास्त नेमकं.

आणि खरी कसोटी ठरावानंतरच्या पहिल्या मृत्यूला. त्या घटकेला कुणाला ठराव आठवत नाही, हात सवयीनं पुढे होतात. म्हणून आधीच ठरवून ठेवा: प्रत्येक आळीत दोन बायका, ज्या बातमी कळताच तिथे जातील आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसतील. भाषण करायचं नाही. नुसते तिचे हात हातात धरून बसायचं. बांगड्या असलेले हात कुणी धरून ठेवले असले तर ते सोडवून घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही.

पुरुषांना त्यांचं काम द्या. स्टॅम्पपेपरची गोष्ट सांगा. घरच्यांसमोर "माझ्या मागं हिच्यावर असलं काही करायचं न्हाई" असं जिवंतपणी म्हणून ठेवलेल्या माणसाच्या घरात विधी थांबवणं कितीतरी सोपं जातं.

दुसऱ्या वादांसाठी, आणि जिथे ही रीत चालत नाही तिथे

मिरवणुकीतल्या डॉल्बीचा वाद असेल तर मंडळाच्या पोरांना "किती पैसे जमले, कुणी दिले, तुम्हाला त्यात काय मिळतं" हे आधी विचारा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे हे नंतर सांगा. जातीवाचक वस्तीचं नाव बदलायचं असेल, ज्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्येच घेतला आहे, तर नवं नाव वस्तीतल्या लोकांना विचारा, गावच्या पुढाऱ्यांना नव्हे.

पण काही ठिकाणी संवादाची भाषा हाच अन्याय ठरतो. कुणाला मारहाण होत असेल, पाणवठ्यावर किंवा स्मशानात जात म्हणून अडवलं जात असेल, तर "दोन्ही बाजू समजून घेऊ" असं म्हणू नका. ज्याला अडवलंय त्याच्या बाजूला उभं राहा आणि पोलिसांत तक्रार द्या. जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उद्या बालविवाह होणार असेल तर आज १०९८ ला फोन करा. कुतूहलानं बोलायला नंतर वेळ मिळतो, त्या मुलीला मिळत नाही.

परत जा

एकदा बोलून आलात आणि पुन्हा गेला नाहीत तर लोकांना वापरल्यासारखं वाटतं. सहा महिन्यांत निदान दोनदा जा. कुठलाच विषय न काढता. आक्कांकडे मी गेल्या संक्रांतीला गेले होते. तिळगूळ दिला, घेतला. निघताना त्यांनी शेजारच्या त्या पोरीला हाक मारली, आणि देव्हाऱ्यातला हळदीकुंकवाचा करंडा उचलून तिच्यापुढे धरला. स्वतः लावलं नाही. "लावायचं असंल तर लाव, न्हाईतर ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी उलटायला चुलीकडे वळल्या.